पॅच टाकलेला आहे

पुण्यात सत्कार कोणत्याही कारणाने होऊ शकतो. सुखदेव ओव्हाळ यांचा झाला तो एक प्रोग्रॅम हजार दिवस बंद पडला नाही म्हणून. कोथरूडमधल्या ज्या महाविद्यालयात ते सर्व्हर सांभाळत, तिथल्या सभागृहात त्यांना शाल, श्रीफळ आणि कुंडीतलं एक रोप देण्यात आलं. आपल्या सर्व्हरचं सातत्य विद्यार्थ्यांनी अंगी बाणवावं, असं प्राचार्य भाषणात म्हणाले. पेढे ओव्हाळांनी स्वतः आणले होते.

सर्व्हरचं नाव तोरणा. तिथल्या सगळ्याच सर्व्हरना किल्ल्यांची नावं होती. तोरण्याचं काम सांगायला सोपं होतं. महाविद्यालयात कोण कोण आहे, हे त्याला ठाऊक असे: नाव, नोंदणी क्रमांक, पासवर्ड, कुणाला कुठे शिरायची मुभा. वाचनालयापासून परीक्षेच्या हॉलपर्यंत कुणीही कुठल्याही संगणकावर लॉगिन केलं की आधी तोरण्याला विचारलं जाई, आणि तो 'हो, आपलाच' म्हणाला की दार उघडे. तो गप्प बसला तर प्राचार्यांनाही स्वतःची मेल उघडता येत नसे. हे महत्त्व फक्त ओव्हाळांना माहीत होतं. म्हणूनच त्यांनी सर्व्हर रूमच्या दारामागे एक पांढरा फळा लावला होता आणि तोरणा सुरू झाल्यापासून किती दिवस झाले, तो आकडा रोज सकाळी पुसून नव्याने लिहीत असत.

ओव्हाळ तेविसाव्या वर्षी इथे लॅब असिस्टंट म्हणून लागले, अकरा महिन्यांच्या करारावर. हा करार ओळीने नऊ वेळा झाला. पहिल्या मुलाखतीत पॅनेलवरच्या एका गृहस्थांनी अर्जावरचं आडनाव वाचून, "कोट्यातले का?" असं विचारलं होतं आणि उत्तर यायच्या आत समजल्यासारखी मान हलवली होती. ते गृहस्थ पुढे निवृत्त झाले आणि मग वारलेही, पण ती मान ओव्हाळांच्या डोक्यात हलत राहिली. इतरांचा सर्व्हर पडला तर सर्व्हर पडला, एवढंच म्हटलं जाईल. आपला पडला तर 'शेवटी काय' असं म्हटलं जाईल, अशी त्यांनी समजूत करून घेतली. ती अगदीच चुकीची नव्हती. इंग्रजी मॅन्युअलं त्यांनी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली. पस्तिशीपर्यंत त्यांना 'अहो, ते लॅबवाले' म्हणत, मग 'ओव्हाळ' म्हणू लागले. 'सर' मात्र सत्कारानंतर चिकटलं. घरी शाल कपाटात ठेवताना त्यांची बायको नंदा म्हणाली होती, "एवढं चालतंय, तर त्याला एकदा सुट्टी तरी द्या." त्यांना ते विनोदाने घ्यायला जमलं नव्हतं.

फळ्यावरचा आकडा पंधराशे बारा असताना, जूनमध्ये, प्रोग्रॅम बनवणाऱ्यांकडून एक सूचना आली. तोरण्यावर चालणाऱ्या डिरेक्टरी प्रोग्रॅममध्ये एक दोष सापडला होता. कुणी काही शोधायला सांगितलं की तो प्रश्न ठेवायला प्रोग्रॅम मेमरीत ठरावीक जागा आखतो. प्रश्न त्याहून लांब असेल तर 'बास' म्हणायला हवं. हा म्हणत नव्हता. आलेली सगळी अक्षरं तो निमूट लिहून घेई आणि जागा संपली की शेजारच्या जागेवर लिहू लागे. छापील अर्जावर पत्ता लिहिता लिहिता 'कार्यालयीन उपयोगासाठी' या चौकटीत घुसावं, आणि कारकुनाने तेच वरून आलेला आदेश समजून अंमलात आणावं, तसा हा प्रकार. नशीब चांगलं असेल तर प्रोग्रॅम कोसळेल. नसेल तर बाहेरचा माणूस त्याच चौकटीत स्वतःचे आदेश लिहील. सूचनेवर लाल अक्षरांत 'तातडीने' असं होतं.

ओव्हाळांनी त्याच दिवशी दुपारी पॅच, म्हणजे तो दोष काढलेली नवी आवृत्ती, उतरवून घेतला आणि तोरण्यावर टाकला. नवा प्रोग्रॅम डिस्कवर जाऊन बसला. पण चालू होता तो जुनाच. तो पंधराशे बारा दिवसांपूर्वी मेमरीत चढला होता, आणि त्याला थांबवून पुन्हा सुरू केल्याशिवाय नवा त्याची जागा घेणार नव्हता. काम दोन मिनिटांचं होतं, फळा मात्र शून्यावर गेला असता.

आकड्याखाली आणखी एक भीती होती. ती त्यांनी स्वतःलाही नीट सांगितली नव्हती. चार वर्षांत त्यांनी तोरण्याच्या सेटिंगमध्ये बरेच फेरफार केले होते आणि एकदाही तो बंद करून सुरू करून पाहिला नव्हता. बंद केला, तर तो सुरू होईल याची त्यांना खात्री नव्हती.

गणपतीच्या सुट्टीत करू, असं त्यांनी ठरवलं. गणपतीत ठरवलं, दिवाळीत करू. दरम्यान कार्यालयाने अहवाल मागितला तेव्हा त्यांनी लिहिलं, 'पॅच टाकलेला आहे.' बाहेरून तपासणीला आलेल्या माणसाने डिस्कवरचा आवृत्ती क्रमांक पाहिला, नवा दिसला, हिरवी खूण केली आणि कँटीनमध्ये साबुदाणा वडा खाऊन गेला. कागदावर एक अक्षर खोटं नव्हतं. दिवाळी आली आणि गेली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अकराशे विद्यार्थ्यांची ऑनलाइन परीक्षा होती, सकाळी दहाला. त्याच सकाळी वाचनालयात तनुजा दांगट 'नो ड्यूज'ची यादी संपवत होती. तनुजा तेहतीस वर्षांची होती, करार चौथा, आणि या वेळी तिची फाइल कायम करण्यासाठी वर गेलेली होती. चारशे बारा विद्यार्थ्यांची पुस्तकं परत आली होती आणि त्यांची नावं तोरण्यातून काढून यादी करायची होती. शोधाच्या चौकटीत एकेक क्रमांक टाकायचा असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. तिने एकदा दहा टाकून पाहिले होते, चालले. मग चाळीस, तेही चालले. त्या दिवशी घाई होती, म्हणून तिने चारशे बाराही क्रमांक एकदम चिकटवले आणि एंटर दाबलं. तेव्हा नऊ वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती.

तोरणा कोसळला. कोसळल्यावर आपणहून सुरू व्हायला हवा होता, पण दोन वर्षांपूर्वी ओव्हाळांनीच लिहिलेली सेटिंगमधली एक ओळ त्याला मान्य नव्हती. ती ओळ सापडायला साडेतीन तास गेले. अकराशे विद्यार्थी हॉलबाहेर उभे होते, त्यांचे पालक फाटकाबाहेर. परीक्षा पुढे ढकलली गेली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या, आणि चौकशी समिती नेमायला तेवढ्या पुरल्या.

समिती तीन जणांची होती, पण बोलत होत्या त्या कुलसचिव आगाशेबाई एकट्याच. ओव्हाळांनी तोरण्यातल्या नोंदी सादर केल्या. कोसळण्याआधीचा शेवटचा शोध वाचनालयाच्या संगणकावरून, तनुजा दांगट यांच्या लॉगिनने आला होता. हेही खरंच होतं.

"बाई, मी फक्त क्रमांक चिकटवले," तनुजा म्हणाली. "बाकी काही नाही केलं."

"क्रमांक चिकटवल्याने सर्व्हर पडतो?"

"पडला ना."

"मग करून दाखवा."

तीच यादी तिने पुन्हा चिकटवली आणि एंटर दाबलं. पडद्यावर एक सभ्य वाक्य उमटलं: शोध फार मोठा आहे, कृपया लहान करावा. तोरणा जागचा हलला नाही. हलणार कसा? परवा तो कोसळून पुन्हा उठला तेव्हा डिस्कवरचा नवा प्रोग्रॅम मेमरीत चढला होता. जे दोन मिनिटांचं काम ओव्हाळांनी पाच महिने टाळलं, ते तनुजाने एका एंटरमध्ये करून टाकलं होतं, आणि ते करताना स्वतः निर्दोष असल्याचा एकमेव पुरावाही पुसला होता. खोलीतल्या पाच माणसांपैकी हे एकालाच कळत होतं.

"सर्व्हर ठणठणीत आहे, दांगट," आगाशेबाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही आणखी काहीतरी केलंत. किंवा तुमचा पासवर्ड कुणाला दिलात. काय ते आठवा, आपल्याला वेळ आहे."

तनुजाने ओव्हाळांकडे वळून पाहिलं. "सर, तुम्ही सांगा ना. तुम्हाला माहीत असेल."

ओव्हाळांनी समोरचा कागद सरळ केला. तो सरळच होता.

"पॅच जूनमध्येच टाकलेला आहे," ते म्हणाले.

आयुष्यात त्यांनी बोललेल्या सगळ्या वाक्यांत हे वाक्य सगळ्यात नीच होतं, आणि त्यातलाही एक शब्द खोटा नव्हता. तनुजाची मान खाली गेली. तिला वाटलं, सर काहीतरी तांत्रिक बोलले आणि ते आपल्याविरुद्ध आहे. निष्कर्ष तिने बरोबर काढला होता. समितीची पुढची बैठक आठ दिवसांनी ठरली. तोवर तिला वाचनालयात संगणकाला हात न लावता बसायचं होतं.

रविवारी जेवताना नंदाने ताटाकडे बोट दाखवलं. "आमटीत मीठ घालायचं राहिलंय. तुम्ही दोन वाट्या खाल्लीत."

"चांगली झालीय."

"चांगली? अहो, तीस वर्षांत तुम्ही माझ्या आमटीला चांगली म्हणाला नाहीत. काय झालंय ते सांगा."

त्यांनी सांगितलं. नंदा महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. पोरांना सगळं शेवटपर्यंत सांगू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, ही सवय तिला होती. शेवटी तिने विचारलं, "तिला काढतील?"

"काढणार नाहीत. करार पुढे वाढवणार नाहीत."

"म्हणजे काढतील."

"हो."

"आणि तुम्हाला?"

"मी कायम आहे. मला ज्ञापन देतील. फार तर."

"एका कागदाला घाबरलात?"

कागदाला नाही, असं त्यांना म्हणायचं होतं. कशाला, ते सांगायला तीस वर्षांपूर्वीच्या त्या मानेपासून सुरुवात करावी लागली असती. नंदाला ती गोष्ट माहीत होती, पण तिने विचारलं नाही. उठून मीठ आणलं आणि म्हणाली, "तुम्ही नऊ वर्षं करारावर होता ना? दर अकरा महिन्यांनी घरी कसे यायचात, ते मला आठवतंय. त्या मुलीच्या घरी आत्ता तसंच कुणीतरी बसलं असेल." मग ती भांडी आवरायला गेली. आमटीत मीठ त्यांनी घातलंच नाही.

पुढचे दिवस ते वाचनालयापुढून जाणं टाळू लागले. एकदा जावंच लागलं, तर तनुजा हाताने रजिस्टर लिहीत बसली होती. उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, एक विचारू? माणूस झोपेत असल्यासारखं काहीतरी दाबून जातो आणि त्याला आठवत नाही, असं होतं का हो?" ओव्हाळ म्हणाले, "बघतो." काय बघतो, हे त्यांनाही माहीत नव्हतं. जिन्यावर त्यांच्या लक्षात आलं की पोरीने स्वतःवर विश्वास ठेवणं सोडून दिलंय, आणि त्यांच्यावर मात्र अजून ठेवलाय. तिथे ते थोडा वेळ कठड्याला धरून उभे राहिले. वरून येणाऱ्या शिपायाने विचारलं, "सर, बीपी का?" त्यांनी हो म्हटलं.

आठव्या दिवशी ते बैठकीला एक जुना संगणक घेऊन आले. त्यावर त्यांनी जुनाच प्रोग्रॅम चढवला होता, पॅच न टाकलेला, आणि काही नमुन्याची नावं भरली होती. समितीने काही विचारायच्या आत त्यांनी तो टेबलावर मांडला आणि तनुजाला म्हणाले, "त्या दिवशी जे केलंत, तेच करा."

"सर, पुन्हा?"

"हो, पुन्हा. सगळे चारशे बारा."

तिने चिकटवले. एंटर दाबताना तिने डोळे मिटून घेतले. पडदा क्षणभर थबकला आणि प्रोग्रॅम कोसळला.

तनुजाने डोळे उघडले, पडद्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"हे काय आहे?" आगाशेबाईंनी विचारलं.

"त्या सकाळी चालू होतं ते हे आहे."

"त्या सकाळी तर पॅच टाकलेला होता ना?"

"टाकलेला होता. सुरू केलेला नव्हता." मग त्यांनी डिस्क म्हणजे काय, मेमरी म्हणजे काय ते सांगितलं. आपण पाच महिने तोरणा थांबवला का नाही, हेही सांगितलं. फळ्याचं सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की समितीतल्या तिसऱ्या सदस्यांना पुढे वाकावं लागलं.

आगाशेबाईंनी जुना अहवाल काढून वाचला. "म्हणजे ओव्हाळ, हा कागद खोटा आहे?"

"नाही. कागद खरा आहे."

"हे तर त्याहून वाईट." त्यांनी चष्मा काढला. "आणि गेल्या बैठकीत या बाईंनी तुम्हाला विचारलं, तेव्हाही हे ठाऊक होतं?"

"होतं."

"तो सत्कार मी ठेवला होता. नारळ परत मागत नाही, तुम्ही वाटून टाकला असेल." मग त्या लिपिकाकडे वळल्या. "लिहा. श्रीमती दांगट यांच्यावर कोणताही ठपका नाही. त्यांची फाइल होती तिथून पुढे जाईल. श्री. ओव्हाळ यांना ज्ञापन." 'शेवटी काय' असं कुणीही म्हटलं नाही. तीस वर्षं ज्या वाक्याच्या भीतीने ते जगले, ते वाक्य आलंच नाही, आणि त्यामुळे त्यांना मुळीच बरं वाटलं नाही. स्वतःच्या लाजेचा थोडासा भाग तरी दुसऱ्या कुणावर टाकता आला असता, तीही सोय गेली.

कॉरिडॉरमध्ये त्यांनी तनुजाला गाठलं. "मी तुम्हाला लेखी देतो. माझी चूक होती, असं. सहीनिशी."

"कागद नको सर." ती शांतपणे बोलत होती, त्यामुळे जास्त लागत होतं. "आमच्या आळीतल्या सरुबाईंचा नातू इथे सेकंड इयरला आहे. त्याने घरी जाऊन सांगितलं, तनूताईने कॉलेज बंद पाडलं. आता सगळी आळी तेच म्हणते. आई आठ दिवस दळणाला बाहेर पडली नाहीये. ती वाचत नाही. तुम्ही घरी या आणि तिला सांगा."

शनिवारी दुपारी ते स्वारगेटहून खडकवासल्याच्या बसने निघाले. तनुजाचं गाव धरणाच्या अलीकडे, नुकतंच महापालिकेत आलेलं. गावाला अजून तसं वाटत नव्हतं आणि महापालिकेलाही नाही. आळीच्या तोंडाशी बारा मजली इमारत होती आणि तिच्या सावलीत दांगटांचं पत्र्याचं घर. तनुजाची आई मुक्ताबाई ओट्यावर कांदे निवडत बसली होती. तिने ओव्हाळांना खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

ओव्हाळांनी मेमरीपासून सुरुवात केली. मुक्ताबाईने ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "असं समजा, दाराचं कुलूप बिघडलंय. मी नवं आणलं आणि कपाटात ठेवलं. दाराला जुनंच राहिलं. आणि कागदावर लिहिलं, नवं कुलूप आणलंय."

"म्हंजे चोर आला?"

"चोर नाही आला. तनुजाने दार नेहमीसारखं ढकललं, तर ते निखळून पडलं."

"आन् तुमी म्हनला तिनं पाडलं."

"म्हणालो नाही. पण गप्प बसलो."

"तुमास्नी ठावं हुतं?"

"हो."

"किती दिस?"

"आठ."

मुक्ताबाईने हातातला कांदा टोपलीत ठेवला आणि पदराला हात पुसले. लेकीकडे तिने एकदा बघितलं. शिव्या येतील असं ओव्हाळांना वाटलं, आणि येतील तर बरं, असंही वाटलं.

"चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"सरुबाईकडं. बोभाटा तिथनं झालाय. तितं सांगा."

"आई, राहू दे गं," तनुजा म्हणाली.

"का ऱ्हाऊ दे? सायब सांगायाच आल्यात न्हवं?"

सरुबाईच्या घरी ओव्हाळांनी कुलपाची गोष्ट पुन्हा सांगितली. सरुबाई म्हणाली, "आमचं पोरगं काय खोटं बोलत न्हाय हां," आणि मुक्ताबाई म्हणाली, "पोराचं ऱ्हाऊ दे, सायबाचं ऐक." तिथून मुक्ताबाई त्यांना शेजारच्या वेणूबाईकडे घेऊन गेली. सरुबाईही बरोबर निघाली, कारण आता गोष्ट तिच्याही मालकीची झाली होती. वेणूबाईकडे गोष्टीतलं कपाट गळलं. त्यानंतरच्या घरी कुलूपही गळलं. पहिल्या ओट्यावर जे सांगायला वीस मिनिटं लागली होती, ते आता एका दमात संपत होतं: चूक माझी होती, मला माहीत होतं, मी बोललो नाही. लोक ऐकत, तनुजाकडे बघत, मग ओव्हाळांकडे बघत. एका म्हातारीने विचारलं, "मग पयलंच सांगायचं की वो?" तिने वाट पाहिली, मग दळण घेऊन आत गेली.

आळीच्या शेवटच्या घरी दत्तोबा बाजेवर बसले होते, तनुजाचे चुलत आजोबा. ओव्हाळ त्यांच्यासमोर उभे राहिले आणि पुन्हा तेच म्हणाले.

दत्तोबांनी कानामागे हात धरला. मुक्ताबाई म्हणाली, "त्यांना ऐकाय कमी येतं. जोरात बोला."

ओव्हाळांनी मागे पाहिलं. आळीतली पाच-सहा माणसं बरोबर आली होती, आणि तनुजा त्यांच्या मागे, खाली बघत उभी होती. त्यांनी घसा खाकरला आणि जोरात सांगितलं.

"आं?" दत्तोबा म्हणाले.

ओव्हाळ आणखी जोरात बोलले.